साथीच्या काळातील आरोग्यसेवक : मनाची उभारी आणि समाजाचा आधार



आपल्या रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात रुग्णसंख्या, शस्त्रक्रिया, नवी यंत्रसामग्री आणि जमाखर्च यांच्या तपशिलाबरोबर एखादा अभ्यास-लेख देण्याचा प्रघात आहे. आजवर हे लेख बहुधा एखाद्या आजाराविषयी आणि त्याच्या प्रतिबंधाविषयी असत. या वेळचा विषय मात्र रुग्णांची सेवा करणाऱ्यांविषयी आहे. साथीच्या काळात डॉक्टर, परिचारिका, वॉर्डबॉय, आया, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, रुग्णवाहिकेचे चालक आणि सफाई कामगार यांच्या मनावर काय गुदरते, आणि त्यांना कामावर टिकवून धरणारी शक्ती कोठून येते, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

हा विषय निवडण्यामागे एक कारण आहे. कोविडच्या काळात आम्ही आमच्या कर्मचाऱ्यांच्या धैर्याची पुष्कळ स्तुती केली. ती मनापासून होती. परंतु पुरेशी नव्हती, हे आम्हांस उशिरा उमगले. ते कसे उमगले, हे लेखाच्या उत्तरार्धात प्रांजळपणे सांगितले आहे.

मनाची उभारी म्हणजे काय?

संकटाचा आघात झाल्यावर काही माणसे खचतात, काही डगमगून पुन्हा सावरतात. या सावरण्याच्या क्षमतेला आपण मनाची उभारी म्हणू. हा उपजत गुण आहे, ज्याच्यापाशी आहे त्याच्यापाशी तो असतोच, अशी सर्वसाधारण समजूत असते. मानसशास्त्राचा अनुभव याहून वेगळा आहे.

अमेरिकेतील हवाई बेटांपैकी कावाई या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक दशके पाठपुरावा केला. दारिद्र्य, घरातील कलह, पालकांचे आजार अशा अनेक प्रतिकूल गोष्टी ज्यांच्या वाट्याला आल्या, अशा मुलांपैकीही सुमारे एक तृतीयांश मुले पुढे कर्तबगार आणि मायाळू माणसे झाली. त्यांच्या आयुष्यात काय वेगळे होते, याचा शोध घेता जी कारणे पुढे आली, त्यांत एक ठळक होते. या मुलांना निदान एक तरी असे वडीलधारे माणूस लाभले होते, ज्याच्यावर ती निःशंक विसंबू शकत होती. ते आई-वडीलच असायला हवेत असे नव्हते. कोठे आजी होती, कोठे शिक्षक, कोठे शेजारीण.

मोठ्यांच्या बाबतीतही हेच दिसते. आधाराचे सामान्यतः चार प्रकार सांगितले जातात. पहिला मायेचा : आपले दुःख ऐकून घेणारे कोणी असणे. दुसरा प्रत्यक्ष मदतीचा : जेवण, निवारा, मुलांची देखभाल, पैसा. तिसरा माहितीचा : काय घडत आहे, काय करावयाचे आहे, हे वेळेवर आणि खरे कळणे. चौथा सन्मानाचा : आपल्या कामाची कोणाला तरी किंमत आहे, ही जाणीव. या चारांपैकी एक पुष्कळ मिळाला म्हणून दुसऱ्याची उणीव भरून निघतेच असे नाही. उपाशी माणसाला सन्मानपत्र दिल्याने त्याची भूक भागत नाही.

आमच्या अस्थिरोग विभागातील उदाहरण द्यावयाचे तर, मोडलेले हाड स्वतःच जुळते. ते जोडण्याची शक्ती शरीरातच असते. पण त्यासाठी ते काही आठवडे प्लॅस्टरमध्ये स्थिर ठेवावे लागते. मनाचेही काहीसे तसेच आहे.

सव्वाशे वर्षांहून जुना एक कायदा

आपल्या महाराष्ट्राला या प्रश्नाची ओळख जुनी आहे. १८९६ साली मुंबईच्या मांडवी भागात ग्रंथिक सन्निपाताची, म्हणजे प्लेगची साथ सुरू झाली. तिचे निदान मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी केले. साथीबरोबर भयही पसरले. रुग्णांना सक्तीने उचलून नेण्याच्या उपायांमुळे रुग्णालय म्हणजे मरणाचे दार, अशी लोकांची भावना झाली, आणि ऑक्टोबर १८९६ मध्ये आर्थर रोडवरील रुग्णालयावर गिरणी कामगारांचा जमाव चालून गेला. उपचार करणारे आणि ज्यांच्यावर उपचार करायचे ते, यांच्यातील विश्वास तुटला की काय होते, याचा तो आपल्याकडील एक जुना दाखला होय.

त्याच साथीत पुण्यात एक वेगळा दाखला घडला. सावित्रीबाई फुले यांनी आपले डॉक्टर पुत्र यशवंतराव यांच्यासह हडपसरच्या बाजूला गावाबाहेर प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उभा केला. रुग्णांना तेथे आणण्याचे काम त्या स्वतः करीत. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात पोहोचवताना त्यांना संसर्ग झाला, आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे वय तेव्हा ६६ होते. सत्यशोधक समाजाच्या कार्यकर्त्यांचा गोतावळा त्यांच्या पाठीशी होता. अर्ध्या शतकाच्या कार्यातून जोडलेल्या माणसांमुळे त्या एकाकी नव्हत्या, हे त्यांच्या धैर्याचे स्मरण करताना ध्यानात घ्यावयास हवे.

प्लेगच्या धामधुमीतच १८९७ चा साथरोग कायदा आला. त्याने सरकारला विलक्षण अधिकार दिले, आणि कायद्यानुसार काम करणाऱ्यांना खटल्यापासून संरक्षणही दिले. पण सेवा करणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांवर कोणी हात उचलला तर काय, याविषयी त्यात काही नव्हते. ती तरतूद होण्यास एप्रिल २०२० उजाडावे लागले. त्या महिन्यात निघालेल्या वटहुकमाने, आणि नंतर सप्टेंबर २०२० मध्ये संसदेने संमत केलेल्या दुरुस्तीने, साथीच्या काळात आरोग्यसेवकांवर हल्ला करणे हा अजामीनपात्र गुन्हा ठरला. त्यासाठी तीन महिने ते पाच वर्षे, आणि गंभीर दुखापत झाल्यास सहा महिने ते सात वर्षे कारावासाची तरतूद झाली. तरी या मधल्या काळात आरोग्यसेवकाचे मन हा विषय त्या कायद्यात कोठेच नव्हता, असे दिसते.

सार्सने शिकवलेले

आरोग्यसेवकांच्या मनाचा शास्त्रशुद्ध अभ्यास मोठ्या प्रमाणावर सुरू झाला तो २००३ च्या सार्स साथीनंतर. या साथीत जगभर ८,०९८ रुग्णांची नोंद झाली आणि ७७४ जण दगावले. विशेष म्हणजे बाधितांपैकी दर पाचांत सुमारे एक जण आरोग्यसेवक होता. या आजाराचा धोका ओळखून जगाला सावध करण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, ते जागतिक आरोग्य संघटनेचे इटालियन डॉक्टर कार्लो अर्बानी हेही मार्च २००३ मध्ये याच आजाराने गेले.

कॅनडातील टोरांटो शहराला साथीचा मोठा तडाखा बसला. ओंटारिओ प्रांतातील सुमारे ३७५ रुग्णांपैकी १६९, म्हणजे ४५ टक्के, आरोग्यसेवक होते. दोन परिचारिका आणि एका डॉक्टरला प्राण गमवावे लागले. मे महिन्यात साथ ओसरली असे समजून खबरदारीचे नियम सैल करण्यात आले. तेव्हा एका रुग्णालयातील परिचारिकांनी तशीच लक्षणे पुन्हा दिसत असल्याचे वरिष्ठांच्या कानावर घातले होते. त्यांच्या सांगण्याला वजन दिले गेले नाही, आणि साथीने दुसऱ्यांदा डोके वर काढले. न्यायमूर्ती आर्ची कँपबेल यांच्या चौकशी आयोगाच्या जानेवारी २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंतिम अहवालात या प्रकाराची सविस्तर नोंद आहे. शास्त्रीय पुराव्याची पूर्ण खात्री होईपर्यंत वाट न पाहता कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेची काळजी आधी घ्यावी, हे त्या अहवालाचे मुख्य सांगणे होते.

साथ संपल्यानंतर १३ ते २६ महिन्यांनी मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट माँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७६९ आरोग्यसेवकांची पाहणी केली. सार्सचे रुग्ण हाताळलेली टोरांटोतील नऊ रुग्णालये एका बाजूला, आणि असे रुग्ण न आलेली हॅमिल्टन शहरातील चार रुग्णालये दुसऱ्या बाजूला, अशी ही तुलना होती. वर्ष-दोन वर्षे उलटूनही टोरांटोतील कर्मचाऱ्यांमध्ये कामाचा आत्यंतिक शिणवटा, मानसिक त्रास आणि आघाताच्या आठवणींचा छळ हे सारे अधिक आढळले. रुग्णांशी संपर्क कमी करणारे आणि कामाचे तास घटवणारेही तेथे अधिक होते. ज्यांना आपले प्रशिक्षण, संरक्षण आणि पाठिंबा अपुरा वाटला होता, त्यांना हा त्रास अधिक काळ पुरला. साथ ओसरली म्हणजे कर्मचाऱ्यांवरील ताण संपला, असे मानणे किती चुकीचे आहे, ते यावरून कळते.

सिंगापूरमध्ये झालेली पाहणी याहून मोठी, म्हणजे १०,५११ आरोग्यसेवकांची होती. चारांपैकी तीन जणांना आपल्या जिवाला मोठा धोका आहे असे वाटत होते. जवळजवळ निम्म्यांना कामामुळे लोक आपल्याला टाळतात असा अनुभव आला, आणि ३१ टक्क्यांना घरच्या माणसांकडूनही दुरावा सोसावा लागला. असे असूनही ७७ टक्के जणांनी समाज आपल्या कामाची कदर करतो, असे सांगितले. एकाच वेळी सन्मान आणि बहिष्कार अशा दोन्ही गोष्टी वाट्याला येतात, हा या पाहणीचा निष्कर्ष आम्हांस पुढे आपल्याच रुग्णालयात ओळखीचा वाटला.

सिंगापूरच्या समाजाने आणखी एक गोष्ट केली, ती आमच्या देणगीदारांनी अवश्य ध्यानात घ्यावी. एप्रिल २००३ मध्ये तेथे 'करेज फंड' या नावाचा निधी उभा राहिला. सार्सने बाधित झालेले आरोग्यसेवक, रुग्ण आणि त्यांची कुटुंबे यांना त्यातून मदत मिळाली. कोविडची साथ आली, तेव्हा २०२० मध्ये हाच निधी पुन्हा कामी आला. सतरा वर्षांपूर्वी घातलेली घडी तयार असल्याने नव्याने धावाधाव करावी लागली नाही.

मानसोपचारतज्ज्ञ नको, झोप हवी

कोविडच्या आरंभी, जानेवारीअखेर आणि फेब्रुवारी २०२० च्या पहिल्या दिवसांत, चीनमधील ३४ रुग्णालयांतील १,२५७ डॉक्टर आणि परिचारिकांची पाहणी झाली. सुमारे निम्म्या जणांत नैराश्याची, सुमारे ४५ टक्क्यांत चिंतेची आणि एक तृतीयांश जणांत निद्रानाशाची लक्षणे आढळली. परिचारिका, स्त्रिया, वुहानमध्ये काम करणारे आणि प्रत्यक्ष रुग्णशय्येजवळ असणारे यांच्यात ही लक्षणे अधिक तीव्र होती.

याच सुमारास हुनान प्रांतातील चांगशा येथील एका मोठ्या रुग्णालयाने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी मानसिक मदतीची उत्तम योजना आखली. ताण हाताळण्याचे पाठ, दूरध्वनीवरून सल्ला, गटाने करावयाचे उपक्रम, असे सारे त्यात होते. परंतु कर्मचारी तिकडे फिरकेनात. परिचारिका चिडचिड्या झाल्या होत्या, विश्रांतीही घेत नव्हत्या, तरी आपल्याला काही झालेले नाही असेच म्हणत. तेव्हा आयोजकांनी योजना बाजूला ठेवून तेरा कर्मचाऱ्यांना तुम्हांला काय हवे, असे सरळ विचारले. उत्तरे साधी होती. स्वतःला संसर्ग होईल याची त्यांना सुरुवातीला फारशी धास्ती नव्हती. आपल्यामुळे घरच्यांना होईल ही होती. घरचे काळजीत आहेत, हेही मनाला लागून राहिले होते. घाबरलेले किंवा उपचाराला नकार देणारे रुग्ण कसे हाताळावेत, हे कळत नव्हते. आम्हांला मानसोपचारतज्ज्ञ नको, सलग विश्रांती आणि पुरेसे संरक्षक साहित्य हवे, असे अनेकांनी सांगितले.

त्यावर रुग्णालयाने घरापासून अलग राहता येईल अशी विश्रांतीची जागा दिली, जेवणाची आणि नित्य लागणाऱ्या वस्तूंची सोय केली, आणि कर्मचाऱ्यांच्या दिनक्रमाचे चित्रीकरण करून ते घरी पाठवण्याची व्यवस्था केली. रुग्णांशी कसे बोलावे याचे प्रशिक्षण दिले. समुपदेशक विश्रांतीच्या जागी जाऊन बसू लागले आणि ज्याला बोलावेसे वाटेल त्याचे ऐकू लागले. योजना आखणाऱ्यांच्या कल्पनेतील गरज आणि कर्मचाऱ्यांची गरज यांत किती अंतर असू शकते, हे या एका उदाहरणावरून स्पष्ट होते.

बळजबरीने बोलते करण्याविषयीही येथे सांगितले पाहिजे. मोठा आघात झाला की लगेच सर्वांना एकत्र बसवून मनातले सारे ओकायला लावावे, अशी एक पद्धत पूर्वी प्रचारात होती. त्यावरील अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला असता, अशा एकाच बैठकीमुळे पुढील त्रास टळत नाही, आणि काहींना तर अपायही होऊ शकतो, असे आढळले. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेली मानसिक प्रथमोपचाराची मार्गदर्शिका म्हणूनच वेगळा मार्ग सांगते : आधी पाहा, मग ऐका, आणि ज्याला जे हवे तेथपर्यंत त्याला पोहोचवा.

आपल्या देशातील अनुभव

मे २०१८ मध्ये केरळात कोळिकोड परिसरात निपाह विषाणूची साथ आली. पेरांब्रा येथील तालुका रुग्णालयातील परिचारिका लिनी पुथुसेरी यांनी आरंभीच्या एका रुग्णाची शुश्रूषा केली आणि त्यातच २१ मे रोजी त्यांचा अंत झाला. मागे पती आणि दोन लहान मुले होती. देशभरातून त्यांना श्रद्धांजली वाहिली गेली. केरळ शासनाने कुटुंबाला आर्थिक साहाय्य आणि पतीला शासकीय नोकरी दिली, ही योग्यच गोष्ट झाली. मात्र त्याच दिवसांत त्याच रुग्णालयातील इतर परिचारिकांना बस आणि रिक्षामध्ये शेजारी बसू न देण्याचे प्रकार घडत होते.

दोन वर्षांनी हेच चित्र देशभर दिसले. २२ मार्च २०२० रोजी सायंकाळी पाच वाजता आपण सर्वांनी टाळ्या आणि थाळ्या वाजवून आरोग्यसेवकांना वंदन केले. त्यानंतर दोनच दिवसांनी दिल्लीतील निवासी डॉक्टरांच्या संघटनेला गृहमंत्र्यांकडे दाद मागावी लागली, कारण घरमालक डॉक्टरांना आणि परिचारिकांना खोल्या रिकाम्या करावयास सांगत होते. एप्रिलमध्ये चेन्नईत कोविडने गेलेल्या एका नामवंत मज्जाशल्यविशारदाच्या दफनविधीवर जमावाने हल्ला केला, आणि सहकारी डॉक्टरांना रात्री स्वतः खड्डा बुजवावा लागला. मार्च २०२० मध्ये केंद्र शासनाने आरोग्यसेवकांसाठी पन्नास लाख रुपयांचे विमासंरक्षण जाहीर केले होते. ते आवश्यक होते. पण विमा मृत्यूनंतरच्या कुटुंबाची सोय पाहतो. रात्रपाळी संपवून परतणाऱ्या परिचारिकेसाठी दार उघडण्याचे काम शेजाऱ्यांनाच करावे लागते.

आम्ही कोठे कमी पडलो

आता आमच्या स्वतःच्या रुग्णालयाविषयी. २०२० च्या उन्हाळ्यात आम्ही विलगीकरण कक्षात काम करणाऱ्यांचा छोटेखानी सत्कार केला. शाल, श्रीफळ आणि सन्मानपत्र दिले. छायाचित्रे त्या वर्षीच्या अहवालात आली. त्या कार्यक्रमाच्या यादीत कंत्राटी सफाई कामगारांची नावे नव्हती. ते आमच्या हजेरीपटावर नसल्याने राहून गेले, असे कारण तेव्हा दिले गेले. संसर्गित कचरा मात्र रोज तेच उचलत होते.

सत्कार झालेल्यांपैकी एक ज्येष्ठ परिचारिका त्या वेळी रुग्णालयातील कपडे ठेवण्याच्या खोलीत झोपत होत्या. घरमालकाने त्यांना काही दिवस येऊ नका, असे सांगितले होते. ही गोष्ट त्यांनी आठवडाभर कोणालाही कळू दिली नाही. एके पहाटे चादरी नेण्यास गेलेल्या मावशींनी त्यांना गाठोड्यांच्या आडोशाला झोपलेले पाहिले, तेव्हा उलगडा झाला. आपण आम्हांला का सांगितले नाही, असे आम्ही विचारले. त्या म्हणाल्या, "सगळे आम्हाला धीराचे म्हणत होते, सर. मग हे रडगाणं कोणापुढे गायचं?"

आमची स्तुती त्यांच्या तोंडाला कुलूप लावून गेली होती. धीराचे म्हटलेल्या माणसाला मदत मागणे किती अवघड होते, याचा विचार आम्ही केलाच नव्हता.

त्यानंतर विश्वस्त मंडळाने जे निर्णय घेतले, ते साधेच होते. टाळेबंदीमुळे नातेवाइकांची धर्मशाळा रिकामी पडली होती. तिच्या खोल्या कर्मचाऱ्यांना, कंत्राटी कामगार धरून, राहण्यास दिल्या. रात्रपाळीसाठी गरम जेवण आणि चहा सुरू केला. प्रत्येक पाळीच्या आरंभी दहा मिनिटे एकत्र उभे राहून संरक्षक पोशाख किती शिल्लक आहेत, नवे नियम कोणते, रात्री काय घडले, हे सर्वांसमोर सांगण्याचा पायंडा पाडला. साठा कमी असेल तर तोही लपवला नाही. नव्या परिचारिकेची पाळी अनुभवी परिचारिकेबरोबर लावून, दोघींनी एकमेकींचा पोशाख, पाणी, जेवण आणि चेहरा यांवर लक्ष ठेवावे, असे ठरले.

एका रुग्णाच्या कुटुंबाचाही येथे कृतज्ञतेने उल्लेख करतो. त्यांच्या घरातील वडीलधारे आमच्याकडे दगावले. भेटीची मुभा नसल्याने शेवटचे बोलणे एका मामांनी कानाशी मोबाईल धरून करून दिले होते. काही महिन्यांनी ते कुटुंब रुग्णालयात आले आणि त्या मामांची चौकशी करून त्यांना भेटून गेले. मामांनी त्यानंतर आम्हांस एवढेच सांगितले की, त्या रात्री आपण काही चुकलो तर नाही ना, ही टोचणी आता गेली.

तरीही सारे सावरले असे म्हणता येणार नाही. २०२१ च्या दुसऱ्या लाटेनंतर काही तरुण परिचारिका सेवा सोडून गेल्या. त्यांनी वैयक्तिक कारण असे लिहून दिले, आम्ही ते स्वीकारले, आणि अहवालात त्यांची नोंद 'राजीनामे' या सदराखाली एका ओळीत झाली. टोरांटोची पाहणी आम्ही तेव्हा वाचली असती, तर त्यांना निदान बसवून घेऊन विचारले असते. ते आम्ही केले नाही, याची खंत आहे.

पुढील साथीपूर्वी करावयाच्या गोष्टी

वरील अनुभवांवरून काही गोष्टी आम्ही आमच्यासाठी आणि आपणां सर्वांसाठी नमूद करीत आहोत.

रुग्णालयाने करावयाच्या गोष्टी :

१. संरक्षक साहित्याचा साठा आणि त्याच्या वापराचे प्रशिक्षण साथ नसतानाही चालू ठेवावे. सुरक्षित असल्याची खात्री हाच मनाचा पहिला आधार होय.

२. परिचारिका, आया आणि सफाई कामगार यांनी दिलेली धोक्याची सूचना त्याच दिवशी नोंदवून तिचे काय केले, हे त्यांना कळवावे.

३. कायम आणि कंत्राटी असा भेद आधाराच्या बाबतीत करू नये.

४. साथ संपल्यावर निदान दोन वर्षे कर्मचाऱ्यांची विचारपूस चालू ठेवावी. ज्याला तज्ज्ञाची गरज आहे, त्याला ती गुप्तता राखून मिळावी. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'टेलि-मानस' या सेवेचा १४४१६ हा क्रमांक आम्ही प्रत्येक विश्रांतिकक्षात लावला आहे.

नातेवाइकांनी आणि शेजाऱ्यांनी करावयाच्या गोष्टी :

१. आपल्या इमारतीत, वाड्यात किंवा चाळीत राहणाऱ्या आरोग्यसेवकाच्या घरी साथीच्या काळात दूध, भाजी, औषधे पोहोचतात ना, हे पाहावे. अंतर राखूनही हे करता येते.

२. रुग्णाविषयी शंका असेल तर ती जरूर विचारावी. तो आपला हक्क आहे. मात्र राग पाळीवरील सर्वांत धाकट्या परिचारिकेवर काढू नये.

३. कोणाची सेवा मनाला भावली असेल तर तिचे नाव घेऊन सांगावे. मामांचे उदाहरण वर आलेच आहे.

देणगीदारांनी करावयाच्या गोष्टी :

देणगी देताना यंत्र, खाटा किंवा कक्ष यांवर नाव लागावे, ही इच्छा स्वाभाविक आहे. त्याबरोबर ज्यांवर नावाची पाटी शोभून दिसत नाही, अशा गोष्टींसाठीही आपण हात पुढे करावा, अशी आमची विनंती आहे. रात्रपाळीनंतर सलग झोप मिळेल अशी विश्रांतीची खोली, रुग्णालयालगत राहण्याची सोय, आणि आजारी पडलेल्या कर्मचाऱ्याच्या कुटुंबासाठी कायमचा राखीव निधी, या आमच्या तीन निकडीच्या गरजा आहेत. निधी साथ येण्यापूर्वी असेल तरच साथीत उपयोगी पडतो.

समारोप

लेखात उल्लेखिलेल्या ज्येष्ठ परिचारिका आजही आमच्याकडे कार्यरत आहेत आणि नव्याने येणाऱ्या मुलींना शिकवतात. हा लेख छापण्यापूर्वी आम्ही त्यांना वाचून दाखवला आणि त्यांची अनुमती घेतली. नाव देऊ नये, पण खोलीची गोष्ट जरूर लिहावी, असे त्या म्हणाल्या.

साथी पुन्हा येतील. त्या वेळी आमचे कर्मचारी पूर्वीप्रमाणेच उभे राहतील, याविषयी आम्हांस शंका नाही. त्यांच्या पाठीशी आपण सर्व जण असावे, हीच या लेखामागील प्रार्थना.